सेवा करणाऱ्याची विचारपूस



वर्षावासात आपल्या विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. गेल्या वर्षी त्याच दिवसांत एका रविवारी वाचन संपल्यावर आम्ही सर्वांचा रक्तदाब आणि साखर तपासायचे ठरवले. मी निवृत्त परिचारिका, त्यामुळे यंत्र माझ्याकडे होतेच. रांगेत एक ताई उभ्या होत्या. वय ४६. काखेत प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत जाडजूड फाइल. मला वाटले, यांची जुनी दुखणी असतील. फाइल उघडली तर ती सासऱ्यांची निघाली. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासूनचा एकूण एक कागद तारखेप्रमाणे लावलेला. सासऱ्यांची साखर गेल्या तीन वेळेला किती आली, हे ताईंनी न बघता सांगितले.

“आणि तुमची?”

“माझी कधी बघितलीच नाही. मला काय धाड भरली?”

त्यांचा रक्तदाब १६८/१०४ आला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा घेतला, तरी जवळपास तेवढाच. डोके दुखते का विचारले, तर म्हणाल्या, “ते रोजचंच आहे.”

मग एकेक कळत गेले. रात्री आठ ते सकाळी आठ त्या कर्वेनगरातल्याच एका सोसायटीत पेशंटच्या ड्युटीवर असतात. तिथे एक वृद्ध आजी आहेत, मुलगा-सून परदेशात. आजींना उठवणे, डायपर बदलणे, औषधे देणे, रात्री तीन-चार वेळा कुशीवर वळवणे, हे सगळे त्या करतात. सकाळी घरी आल्या की तेच सगळे सासऱ्यांचे. दुपारी तासभर डोळा लागतो. संध्याकाळी महिला मंडळाची बैठक, कारण अध्यक्षा त्याच. बचत गटाची वही त्यांच्याकडे, आणि वस्तीत कोणाला दवाखान्यात न्यायचे असले तरी फोन त्यांनाच.

मी विचारले, “ताई, तुमच्याकडे कोण बघतं?” आधी त्या हसल्या. मग डोळे भरून आले. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “कधी कधी वाटतं, म्हातारं सुटावं आता. आणि मग माझीच मला लाज वाटते. पाप वाटतं.”

या अंकाचे आरोग्याचे पान त्या ताईंसाठी आहे, आणि त्यांच्यासारख्या तुम्हा सगळ्यांसाठी. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. आजाऱ्याची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या माणसाच्या मनात ‘आता सुटावे’ हा विचार येतो. फार जणांच्या मनात येतो, फक्त कोणी बोलत नाही. हा विचार आला म्हणून तुम्ही वाईट सून किंवा वाईट मुलगा ठरत नाही. तुम्ही फार थकला आहात, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या भागाचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्वे यांच्या विधवा स्त्रियांसाठीच्या आश्रमामुळे हे गाव महाराष्ट्राला माहीत झाले आणि पुढे त्यांच्याच नावाने कर्वेनगर झाले. आज इथल्या आणि कोथरूडच्या बंगल्यांत, सोसायट्यांत म्हातारी माणसे एकटी राहतात. त्यांना उठवायला-बसवायला ज्या मावशी येतात, त्यांतल्या कितीतरी आपल्या वस्त्यांतल्या. कोणी थेट कामाला, कोणी ब्युरोमार्फत. म्हणजे आपल्या बायका सेवा दोनदा करतात, एकदा पगारावर आणि एकदा घरी. पगारावरच्या सेवेला निदान सकाळी आठला सुट्टी होते. घरच्या सेवेला तीही नाही.

दूध मंद आचेवर ठेवले आणि कोणी ढवळले नाही, तर ते उतू जात नाही. वरून सगळे ठीक दिसते, खाली मात्र करपत जाते. माणसाचेही तसेच होते. या करपण्याला डॉक्टर लोक बर्नआउट म्हणतात. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञाने या शब्दावर लेख लिहिला. त्याने हे कुठे पाहिले? मोठ्या पगाराच्या साहेबांमध्ये नव्हे. गरिबांसाठी चालणाऱ्या एका मोफत दवाखान्यात दिवसाचे काम उरकून रात्री सेवा द्यायला येणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये, आणि स्वतःमध्ये. ज्यांना कामाची सर्वांत जास्त तळमळ, तेच आधी करपत होते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याची तीन लक्षणे सांगितली. अंगातले सगळे त्राण जाणे, कामाबद्दल मनात दुरावा आणि कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटनेने याला आजार म्हटलेले नाही. कामाचा ताण सांभाळला गेला नाही की होणारी अवस्था, असे म्हटले आहे. त्यांची व्याख्या नोकरीच्या कामापुरती आहे, पण घरात आजाऱ्याचे करणाऱ्या बाईला हीच तीन लक्षणे विचारून बघा.

दुसऱ्या लक्षणाकडे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी जरा लक्ष द्यावे. वीस-वीस वर्षे धावपळ केलेले दादा एके दिवशी म्हणू लागतात, “या समाजासाठी कितीही करा, उपयोग नाही. लोक नालायक आहेत.” जयंतीची वर्गणी, पोलीस चौकी, रेशन कार्ड, मयत, रात्री दोन वाजता ससूनला नेलेला पेशंट, सगळे यांच्याच डोक्यावर. जेवण म्हणजे चहा आणि वडापाव, सोबत तंबाखू. समाजात दोष नाहीत असे मी म्हणत नाही. पण पूर्वी ज्या माणसांसाठी जीव तुटायचा, त्यांचाच आता राग यायला लागला, तर समाजाची तपासणी नंतर करू. आधी दादांनी आपली झोप, रक्तदाब आणि साखर तपासावी.

तपासणीवर मी जोर देते, कारण प्रत्येक थकवा मनाचा नसतो. ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५’ प्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर दम लागणार, चिडचिड होणार, उठवणार नाही. तिला ध्यान शिकवून काय होणार? तिला लोहाच्या गोळ्या हव्यात, आणि रक्त का कमी झाले याचा शोध हवा. थायरॉइड मंदावले तरी माणूस असाच सुस्त आणि उदास होतो. म्हणून महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि रक्तदाब एकदा पाहून घ्या, आणि स्वतःच्या नावाचा वेगळा केसपेपर काढा. सासऱ्यांच्या फाइलमध्ये आपला कागद घालू नका, तो तिथे हरवतो. रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. शेजारणीची गोळी घ्यायची नाही. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे, यांतले काही झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

आता थोडे मनातले बोलते. कोणाला राग आला तर क्षमा करावी.

आपल्याकडे जयंतीला सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. चांगलाच आहे, माझी नातही बसते. पण बाबासाहेब अठरा-अठरा तास काम करत, हे सांगताना त्या शरीराची काय अवस्था झाली होती, ते आपण सांगत नाही. मधुमेह, पायांतल्या नसांच्या वेदना, त्यामुळे उडालेली झोप. संविधानाचा मसुदा तयार होत होता, त्याच काळात हे दुखणे वाढलेले होते. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिले. त्यात प्रकृती ठीक नसल्याचे कळवले आणि डॉक्टरांच्या हाती स्वतःला सोपवण्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, अशी इच्छा व्यक्त केली. म्हणजे त्यांनीही उपचार पुढे ढकलले. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले तेव्हा वय अवघे ६५. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ छापून आलेला त्यांना पाहता आला नाही.

याच आयुष्यातली दुसरी गोष्ट आपण विसरतो. रमाई गेल्यानंतर त्यांनी बरीच वर्षे पुन्हा लग्न केले नव्हते. १९४८ मध्ये तब्येत हाताबाहेर जाऊ लागली तेव्हा, आपल्याला काळजी घेणारे माणूस हवे, हे त्यांनी दादासाहेब गायकवाडांना पत्रातून मोकळेपणाने कळवले. १५ एप्रिल १९४८ ला डॉक्टर असलेल्या शारदा कबीर यांच्याशी त्यांनी विवाह केला. त्याच आपल्या माईसाहेब. एवढ्या मोठ्या माणसाने ‘मला मदत लागते’ हे कागदावर लिहिले. आपल्या वस्तीतला किती मंडळांचा अध्यक्ष हे तोंडाने म्हणेल?

आणि माईसाहेबांचे पुढे काय झाले? बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्यावरच संशय घेतला गेला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचे निष्पन्न झाले, तरी कुजबुज वर्षानुवर्षे थांबली नाही. आपल्या घरांतही लहान प्रमाणात हेच चालते. दोन वर्षे विष्ठा-मूत्र काढणारी सून घरात असते. शेवटच्या दिवशी गावाहून आलेली नणंद दारातच म्हणते, “नीट बघितलं असतंस तर आबा असे गेले नसते.” हे एक वाक्य त्या सुनेला आयुष्यभर पुरते. मयतीला जाल तेव्हा सेवा करणाऱ्या माणसाच्या शेजारी आधी बसा, एवढी माझी विनंती आहे.

रमाईंबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. पाचांपैकी चार लेकरे गेली, काटकसरीत संसार ओढला आणि दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. आपण त्यांना त्यागमूर्ती म्हणतो, गाणी गातो. पण गाणे संपल्यावर घरी येऊन आपल्या बायकोला, सुनेला त्याच वाटेने चालायला लावणे हा रमाईंचा आदर नाही. “आमची आई म्हणजे रमाई आहे हो, कधी तक्रार करत नाही,” असे एक मुलगा माझ्याकडे कौतुकाने सांगत होता. त्या माउलीचे हिमोग्लोबिन ७ होते.

तथागतांनी या बाबतीत काय केले, ते आपल्याच ग्रंथात आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या आठव्या खंडात रुग्णांविषयीच्या कळवळ्याचा भाग काढून वाचा. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता आणि कोणी फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलले आणि अंथरुणावर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले की तुम्हाला इथे आई-बाप नाहीत, तेव्हा तुम्हीच एकमेकांची सेवा करायची. ही गोष्ट आपण दरवर्षी वाचतो, पण दोन गोष्टी नजरेतून सुटतात. एक, घाण काढणारे ते दोघेही पुरुष होते. “मला ते जमत नाही, बायकांचं काम आहे,” असे म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाने हे लक्षात ठेवावे. दुसरी, बुद्धांनी हे काम एकट्याने केले नाही. एकाने पाणी ओतले, मग एकाने डोक्याकडून धरले, एकाने पायांकडून. अंथरुणाला खिळलेले माणूस उचलायचे हेच शास्त्र आहे. एकटी बाई उचलते तेव्हा तिच्या कंबरेची चकती सरकते. घरात दुसरे माणूस नसेल तर निदान पेशंटच्या पाठीखाली जुनी चादर चौपदरी घालून ठेवा आणि चादर ओढून वळवा. हाताने खेचू नका.

विनयपिटकात त्याच प्रसंगात चांगल्या सेवकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मायेने करावे, मलमूत्र-ओकारीची किळस नसावी आणि धम्माच्या गोष्टी सांगून रुग्णाला उभारी देता यावी. हे पाच आपण ऐकलेले असतात. पण तिथेच रुग्णाचेही पाच गुण आहेत! हिताचे तेच करावे, प्रमाण सांभाळावे, औषध वेळेवर घ्यावे, दुखणे खरे काय ते सेवा करणाऱ्याला सांगावे आणि वेदना सोसाव्यात. म्हणजे अंथरुणावरच्या आजोबांवरही जबाबदारी आहे. चोरून गूळ खायचा, गोळी उशीखाली लपवायची आणि साखर वाढली की सुनेवर ओरडायचे, हे धम्माला धरून नाही. आजोबांना हे वाचून दाखवा. माझे नाव सांगा हवे तर.

मला स्वतःला सर्वांत धीर देणारा प्रसंग वेगळाच आहे. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. बुद्ध तिथे रात्री उशिरापर्यंत उपदेश करत बसले. मग त्यांनी आनंदाला सांगितले की माझी पाठ दुखते आहे, मी जरा आडवा होतो, पुढचे तू सांग. आणि ते उजव्या कुशीवर पहुडले. पावा नगरीतही असेच झाले, तिथे पुढचे सारिपुत्ताने सांगितले. प्रत्यक्ष सम्यक संबुद्धांना पाठ दुखते म्हणायला संकोच वाटला नाही, आणि ‘माझ्याशिवाय होणार नाही’ असेही वाटले नाही. ज्याने आपल्यामागे आनंद आणि सारिपुत्त तयार केले, त्यालाच असे आडवे होता येते. मंडळाची वही, बँकेचे पासबुक, नगरसेवकाचा नंबर, सगळे एकाच माणसाकडे असेल तर तो आजारी पडूच शकत नाही. पडला तर मंडळ बंद.

त्या ताईंचे पुढे काय केले ते सांगते, कारण नुसते ‘स्वतःची काळजी घ्या’ म्हणणे सोपे असते. “थोडं ध्यान करत जा,” असा सल्ला आमच्यातल्या एकीने दिला होता. ताई म्हणाल्या, “भांडी कोण घासणार?” खरे आहे. आधी तिची भांडी घासा, मग तिला आनापान शिकवा. दहा मिनिटे शांत बसून येणारा-जाणारा श्वास पाहण्याने मन निवळते, मी स्वतः करते. मैत्री भावनाही ‘मी सुखी होवो’ इथून सुरू होते, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. पण झोपेची जागा ध्यान घेत नाही.

त्यांना पहिली गरज होती ती सलग झोपेची. म्हणून विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे घेतली आणि एका कागदावर आठवड्याचे रकाने आखले. दुपारी दोन तास कोणीतरी सासऱ्यांजवळ बसायचे. बसणाऱ्याने फक्त बसायचे, पाणी द्यायचे, कूस बदलायची. ‘तू असं का नाही करत’ हे शिकवायचे नाही. ताईंनी त्या वेळात शेजारच्या घरी जाऊन दार लावून झोपायचे, कारण स्वतःच्या घरात त्या झोपणार नाहीत हे मला ठाऊक होते. आधी त्यांनी नकारच दिला. “लोक म्हणतील, सून झोपली आणि शेजारी म्हाताऱ्याला बघतात.” दोन आठवडे यातच गेले. शेवटी सासरेच अडखळत म्हणाले, “जा गं, झोप.”

नवऱ्याला आणि धाकट्या दिराला मी समोर बसवून आंघोळ घालायला शिकवले. दिराला पहिल्या दिवशी ओकारी आली. चौथ्या दिवशी नाही आली. डॉक्टरांना विचारून हवेची गादी आणली. अशा गादीतला हवेचा दाब सारखा बदलत राहतो, त्यामुळे अंगाच्या एकाच जागी भार राहत नाही. पण तरीही कूस बदलावी लागतेच, हे विकणारा सांगत नाही. रात्री ताई ड्युटीवर असतात, त्या पाळ्या आता दोघे भाऊ वाटून घेतात. बचत गटाची वही दुसऱ्या एका ताईंकडे गेली. आधी हिशोबात चूक झाली, भांडण झाले, मग जमले. ताईंना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. महिन्याभरानंतर मोजला तेव्हा १३८/८६ आला. डोके अजून दुखते, पण रोज नाही.

सगळ्यांचे एवढ्याने भागत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ काहीच गोड लागत नसेल, रडू आवरत नसेल, झोप उडाली असेल, किंवा जगणे नको वाटत असेल, तर तो नुसता थकवा नाही. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. रात्री-अपरात्री कधीही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. घरात बोलायला आडोसा नसेल तर विहाराच्या ओट्यावर बसून बोला. मी बाहेर थांबेन, कोणाला येऊ देणार नाही.

तो रकान्यांचा कागद विहाराच्या आतल्या भिंतीवर लावलेला आहे. या वर्षावासात त्यात आणखी तीन घरे जोडली आहेत. एका घरी आई, एका घरी डायलिसिसवर असलेला तरुण आणि एका घरी पाय गमावलेले काका. रविवारी वंदनेला याल तेव्हा तो बघा. पुरुषांची नावे सध्या पाचच आहेत, आणि गुरुवारी दुपारी दोन ते चार अजून कोणीच नाही.